डोमकळीचा खाका

देऊळगाव राजात बालाजीच्या मंदिराकडून बाजाराकडं उतरताना एक बोळ लागते. त्या बोळीत हैदरचं घर विचारावं लागत नाही, ते कानांनी सापडतं. त्याचं भरतकामाचं कॉम्प्युटर मशीन आतून बोलत असतं: टकटकटकटक टर्रर, टकटकटकटक टर्रर. दोरा तुटला की मशीन शिट्टी मारतं आणि शिट्टीमागोमाग हैदर ओरडतो, "तुटला बे! पुन्हा तुटला!" दोरा तुटणं म्हणजे मशीननं मुद्दाम त्याची काढलेली खोडी आहे, असा त्याचा सूर असतो.

या गलक्यात खिडकीपाशी सतरंजीवर जहांआरा बसलेली असते. हैदरची बायको. तिचा आवाज मात्र नाही. तिचं काम मुक्याचं. पुढ्यात पातळ पांढुरका कागद, कागदाखाली घडी केलेली गोधडी आणि हातात सुई. आधी पेन्सिलीनं वेल काढायची, मग रेघेवरून सुई टोचत जायची. असा टोचून भोकाभोकांचा झालेला कागद म्हणजे खाका. तो कापडावर पसरून वरून रॉकेलात कालवलेल्या निळीचा बोळा फिरवला की कापडावर ठिपक्यांची वेल उतरते. मग ती हातानं भरा, नाहीतर मशीनकडं द्या. मशीनसाठी खाक्यावरून कॉम्प्युटरमध्ये टाके बसवावे लागतात. त्याला पंचिंग म्हणतात आणि ते हैदरची धाकटी बहीण यास्मीन करते. यास्मीन बी.एस्सी. झालेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आलेली, आणि घरात इंग्रजी येणारं एकमेव माणूस.

खाका काढणं जहांआराला तिच्या अब्बांनी शिकवलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, समोर ठेवलं असेल तेच काढायचं, मनानं पान वाढवायचं नाही. आणि दुसरी, नवरीचा खाका आपल्या घरी ठेवायचा नाही. काम पुरं झालं की नवरीच्या आईनं पदर पसरायचा, त्यात मूठभर साखर घालायची, साखरेवर घडी केलेला खाका ठेवायचा आणि म्हणायचं, "घ्या, आता हे तुमचं." खाका नवरीच्या पेटीतून सासरी जायचा. पुढं दुसऱ्या कोणाला तीच वेल हवी झाली, तर जहांआरा आधी त्या नवरीच्या माहेरी जाऊन विचारून यायची. मोमीनांच्या नवरीला हेच आणि पाटलांच्या नवरीलाही हेच. पंचक्रोशीतल्या बायकांना लग्नातली अर्धी गंमत त्या साखरेची वाटायची.

ज्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली, त्या वर्षाची ही गोष्ट. बीटी म्हणून घेतलेलं बियाणं, अळी येणारच नाही म्हणून पेरलेलं, आणि बोंड फोडून पाहावं तर आत अळी मजेत बसलेली. सुलतानपूरचे उत्तमराव बियाण्याचं दुकान चालवायचे. त्या दिवाळीत ते दुकानाचं अर्धंच शटर उघडून आत अंधारात बसत. कोणी आलं की आधी ओणवे होऊन पायांकडं बघत, ओळखीचे पाय असले तरच बोलत. लोक बाहेरूनच विचारायचे, "उत्तमराव, अळीले वेगळं पाकीट घ्या लागते का हो?"

त्यांच्या थोरल्या मुलीचं, निवेदिताचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं ठरलं होतं. मुलगा पुण्याचा. उत्तमरावांची बायको शैलजा एसटीनं देऊळगावला आली ती काखेत शालू आणि हातात कपाशीची फांदी घेऊन. फांदी बसमध्ये धक्क्यांनी अर्धी झडली होती.

"भाभी, मोर नको, कोयरी नको. ते समदेच करतात," शैलजा म्हणाली. "आमचं समदं याच्यावर चालते. पोरीच्या पदरावर हेच काढा. यंदा वावरात काही नाही, पदरावर तरी पिकू द्या."

जहांआरानं फांदी पाण्याच्या तांब्यात ठेवली आणि काढायला बसली. फुटलेली बोंडं काढली, वाळून मागं वळलेली पानं काढली, बोंडाखालची टोकदार नखं काढली. फांदीच्या एका बाजूला एक कळी होती. पाकळ्या एकमेकींत पीळ देऊन मिटलेल्या, टोकाला गुलाबी झाक. फार देखणी. जहांआरानं सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवला. शहरात वाढलेली बाई, वावर पाहिलं ते एसटीच्या खिडकीतून. तिला काय माहीत ती कळी कशानं मिटली?

शालू तयार झाला. शैलजा न्यायला आली, पदर उलगडला, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अवो भाभी! हे काय काढून ठेवलं? हे तं डोमकळी हाय!"

"म्हणजे?"

"म्हणजे अळीनं खाल्लेली कळी! आत अळी बसली का फूल उमलतच नाही. अस्संच मिटून राह्यते. तुम्ही माह्या पोरीच्या पदरावर बोंडअळी काढली जी!"

मशीन थांबलं. हैदर म्हणाला, "उसवू का?" यास्मीन तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होती. जहांआराचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात शैलजालाच हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "राहू द्या आता. हळद तोंडावर आली. आमच्या घरचं लग्न अन् अळी नाही, असं कसं होईल? तिलेबी निवता पाहिजे." मग तिनं पदर पसरला, जहांआरानं साखर घातली, वर खाका ठेवला. "घ्या वहिनी, आता हे तुमचं."

लग्नात त्या पदराची चर्चा जेवणापेक्षा जास्त झाली. म्हाताऱ्या बायका पदराचं टोक धरून नवरीला जागीच थांबवत. "पहाय वं, डोमकळी! खरीखुरी!" कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं ठसका. पण जिनं पाहिलं ती विसरली नाही. "बोंडवेल" हे नाव बायकांनीच दिलं.

पुढच्या वर्षी लग्नं आटली. जी झाली ती विहिरीपाशी मांडव टाकून, साध्या साडीवर. हैदरचं मशीन दिवसदिवस गप्प राहू लागलं आणि त्या शांततेत हैदर जास्तच बोलू लागला. तेव्हा यास्मीननं सुचवलं, "भाईजान, कपडा विकायचाच काऊन? डिझाईनची फाईल विकू. इंटरनेटवर अशी साईट हाय, तिथं आपलं दुकान उघडता येते. कोणी सुरतेतून घेतली, पेनड्राईव्हमध्ये टाकली, का त्याचं मशीन तिकडं भरते. आपल्याले ना दोरा लागत ना कपडा."

"म्हणजे दोरा त्याचा तुटते!" हैदरला कल्पना एकदम पटली.

दुकान उघडलं आणि चालूही लागलं. पण बोंडवेल टाकायची तर विचारायला हवं. जहांआरा एसटीत बसून सुलतानपूरला गेली. शैलजानं चहा पाजला, पोह्यांचा आग्रह केला आणि म्हणाली, "विका हो भाभी, खुशाल विका. जगाले कळू द्या आमची डोमकळी." यास्मीनच्या कॉम्प्युटरमध्ये लग्नाच्या वेळची फाईल होतीच. ती दुकानात लागली. कोण कुठली माणसं ती घेऊ लागली. जयपूर, कोईमतूर. रात्रीचं जेवण झालं की यास्मीन गावांची नावं वाचायची आणि जहांआरा विचारायची, "तिथं कपाशी असते का वं?"

मग एका सकाळी दुकानातून बोंडवेल नाहीशी झाली. तिच्या जागी राखाडी चौकोन आणि खाली मजकूर. यास्मीननं वाचून दाखवला, तोही साईटच्याच सुरात, गोड आणि गार: "प्रिय विक्रेता, आपण विकत असलेल्या कलाकृतीविरुद्ध तक्रार प्राप्त झाली आहे. तक्रारदार: कलापर्ण स्टुडिओ, पुणे. कलाकृतीचे नाव: गुलाबकळी फांदी. तक्रारीचे निवारण न झाल्यास आपले दुकान कायमचे बंद करण्यात येईल. आपला दिवस शुभ जावो."

"कोणाची गुलाबकळी?" जहांआरा म्हणाली.

यास्मीननं कलापर्णचं पान उघडलं. तीच फांदी, तीच वळलेली पानं, तीच नखं. कळीही तीच, फक्त टोकाशी जरा उघडलेली. म्हणजे पीळ सोडवून कोणी तिला उमलायला लावलं होतं. खाली तारीख होती, निवेदिताच्या लग्नानंतरच्या उन्हाळ्यातली. आपल्या दुकानाच्या कितीतरी आधीची. आणि सरकारदरबारी नोंद केल्याचा शिक्का.

"अगं, कपाशीच्या झाडाले गुलाब कसा लागंल?" जहांआरा म्हणाली. "इतकं तं कोणालेबी कळते."

"साईटले कळत नाही भाभी."

"मंग सांग ना तिले."

यास्मीननं सांगितलं. साईटवर मदतीसाठी एक खिडकी होती, तीत एक 'मीरा' बोलायची. यास्मीननं लिहिलं, हे डिझाईन आमचं आहे. मीरा म्हणाली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." यास्मीननं लिहिलं, ही गुलाबाची कळी नाही, कपाशीची रोगट कळी आहे. मीरा म्हणाली, "आपण गुलाब शोधत आहात का? आमच्याकडे गुलाबाची अनेक डिझाईन्स उपलब्ध आहेत." हैदर मागून वाकून बघत होता. "ह्या बाईले फोन लाव, मी बोलतो तिच्याशी."

"भाईजान, बाई नाही हाय ती. कॉम्प्युटर हाय."

"मंग मशीनवाल्यालेच मशीनशी बोलू द्या ना!" हैदर म्हणाला. पण कोणी हसलं नाही.

दुकान गेलं तर घर गेलं, हे तिघांनाही माहीत होतं. आणि जहांआराला त्याहून एक गोष्ट टोचत होती. दुकान कोणी का चालवेना, पण ती फांदी तिनं तांब्यात ठेवून काढली होती. ती आता दुसऱ्याच्या नावावर उभी होती आणि तिलाच चोर म्हणत होती.

तहसीलसमोर बसणाऱ्या इंद्रभान वकिलांकडं ते गेले. इंद्रभान वकील आयुष्यभर धुऱ्याचे खटले लढले. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाच्या वावरातून कोणाची बैलगाडी गेली. बोलताना ते प्रत्येक वाक्याला एक खुंटा ठोकायचे. त्यांनी दोन्ही चित्रं शेजारी धरली, चष्मा वर केला, खाली केला.

"हं. म्हणजे वस्तू तुमची. बरोबर? कब्जा त्याहीचा. बरोबर? आता मले सांगा ताई, याचा सातबारा कुठी हाय?"

"कशाचा, जी?"

"या वेलीचा. काही कागद? पहिला कागद, ज्याच्यावर तुम्ही काढली?"

"तो खाका. तो दिला ना. नवरीले."

"दिला?" वकिलांनी खुंटा तिथंच ठोकला. "कॉम्प्युटरात तारीख?"

यास्मीन म्हणाली, "फाईलची तारीख हाय. पण ते मानत नाहीत. म्हणतात, तारीख कोणीबी बदलू शकते."

वकील खुर्चीत मागं रेलले. "हे पहा, धुरा असता तं मी मोजणी आणली असती. दगड असता तं दगड दाखवला असता. हे असं हवेतलं वावर हाय. मोठ्या शहरात याचे वकील असतात. माहं काम नाही." मग त्यांना कसंतरीच वाटलं असावं. त्यांनी चहा मागवला आणि कळीकडं पुन्हा बघून म्हणाले, "अळी मात्र झकास काढली बरं का तुम्ही. माह्या वावरातलीच वाटते."

राहिलं पुणं. खाका निवेदिताकडं, निवेदिता पुण्यात. तेव्हा सगळी किल्ली तिथंच. आधी जहांआरा सुलतानपूरला गेली. उत्तमरावांचं शटर आता पूर्ण उघडं होतं, नव्या हंगामाची नवी पाकिटं हारीनं मांडलेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक पाकीट उचलून तिच्यापुढं उलटं धरलं. मागं मुंग्यांएवढ्या अक्षरांत काहीतरी भरगच्च छापलं होतं.

"भाभी, हे कोणी वाचते का? मी दुकानदार, मीबी वाचलं नाही. अळी आल्यावर लोक म्हणे कंपनीले पकडा. तवा वाचलं. याच्यात समदं लिहून हाय, का आमची काही जिम्मेदारी नाही. पाकीट तुमचं, वाण त्याहीचं, अळी तुमची." ते हसायला गेले, पण हसू दाढेतच अडकलं. "तुमच्या साईटचंबी असंच असंल. मी काय सांगू?"

शैलजा आतून आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "खाका जावयांनी, देवेशरावांनी घरात भिंतीवर लावला होता. काचेत घालून. लई कौतुक त्याहिले. त्याहीच्या दोस्ताचं ते कलापर्ण का काय ते. तो घरी आला, त्यानं पाह्यला, मागितला. देवेशराव म्हणे, ने." ती खाली बघू लागली. "भाभी, जावयाचं प्रकरण हाय. माही जीभ उचलत नाही."

जहांआरालाही ते कळलं. जावयाला कोण विचारणार? आपल्याकडं तरी कोणी विचारतं का? तिनं फोन नंबर तेवढा घेतला.

देवेश फोनवर फार चांगला बोलला, हीच पंचाईत झाली. वाईट बोलला असता तर भांडता आलं असतं.

"अहो काकू, नमस्कार! निवेदिता नेहमी सांगते तुमच्याबद्दल. तो खाका म्हणजे ना, इतका ऑथेंटिक! आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस विचारतो हं त्याबद्दल."

"हाव बाबा. ते मी काढलं. त्याच्याबद्दलच..."

"नाही नाही, तुम्हीच काढलंय, प्रश्नच नाही! पण असं असतं ना काकू, तो आम्हाला गिफ्ट मिळाला होता. हो ना? मग गिफ्टचं काय करायचं ते... म्हणजे मी काही विकला नाही हं. मित्र म्हणाला वापरू का, मी म्हटलं वापर की. आता त्यानं ते रीतसर रजिस्टर केलंय, त्यामुळे ते माझ्या हातात नाही राहिलं. मी बोललोय त्याच्याशी. तो म्हणाला, खाली एक ओळ टाकू: 'ग्रामीण विदर्भाच्या लोककलेतून स्फुरलेले.' छान वाटेल ना?"

"नाव नाही टाकणार?"

"नाव म्हणजे... लोककलेला असं एका माणसाचं नाव नसतं ना, काकू."

फोन ठेवल्यावर यास्मीननं तो आवाज हुबेहूब काढला, "असं असतं ना काकू!" आणि एरवी जहांआरानं तिच्या पाठीत धपाटा घालून हसून घेतलं असतं. आज ती म्हणाली, "अब्बा मेले तं मेले, आता लोककला झाले."

शेवटचा एक दरवाजा उरला होता. साईटनं उत्तर द्यायला मुदत दिली होती आणि काही प्रश्न पाठवले होते. यास्मीन कॉम्प्युटरपुढं बसली, जहांआरा शेजारी, हैदर उभा. त्यानं मशीनही बंद ठेवलं होतं.

"मूळ रेखाटन आपल्याकडे आहे काय?"

"नाही, लिही."

"मूळ रेखाटन आपण अन्य व्यक्तीस सुपूर्द केले होते काय?" यास्मीननं कळफलकावरून हात उचलला. "भाभी, इथं 'नाही' टाकू? म्हणू, हरवलं."

"हरवलं काऊन म्हणायचं?"

"कारण दिलं म्हटलं तं..."

"मी शैलजावहिनीच्या पदरात घातलं. बोळीतल्या बायका पाहत होत्या. साखर घातली होती. आता म्हणू हरवलं? उद्या निवेदितानं वाचलं तं? तिच्या पेटीतली चीज हरवलेली म्हणू?"

"भाभी, निवेदिता काऊन वाचंल हे?"

"अल्ला तं वाचतो ना. लिही. दिलं. रिवाजानं दिलं. कायमचं दिलं."

यास्मीननं लिहिलं. पुढचा प्रश्न, "विक्रीपूर्वी आपण कोणाची परवानगी घेतली होती काय?" इथं तर जहांआराचा चेहरा खुलला. हा प्रश्न आपल्याच बाजूचा, असं तिला वाटलं. "हे लिही, नीट लिही. का विचारल्याबिगर आम्ही एक टाकाबी विकला नाही. सुलतानपूरले जाऊन विचारलं. त्याहिनी हो म्हटलं. तवाच लावलं." ती मागं टेकून बसली. एवढं सरळ वागणाऱ्या माणसाला कोण चोर म्हणेल?

उत्तर आलं ते यास्मीननं आधी मनातल्या मनात वाचलं. मग साईटचा आवाज न काढता, आपल्याच आवाजात सांगितलं. साईट म्हणत होती, मूळ रेखाटन तुम्ही कायमचं दुसऱ्याला दिलं, हे तुम्हीच कबूल करता. विकण्याआधी त्या दुसऱ्याची परवानगी घेतली, म्हणजे मालक तोच, हेही तुम्हीच मानता. तेव्हा हक्क तुमचा नाही. तक्रार खरी ठरली. दुकान चालू ठेवायचं असेल तर खालच्या मजकुराला मान्यता द्या.

"काय मजकूर?"

"का हे डिझाईन आमचं नाही. आम्ही ते पुन्हा बनवणार नाही. विकणार नाही. हातानंबी नाही, मशीननंबी नाही."

"अन् नाही म्हटलं तं?"

"दुकान बंद. समदंच. जे आपलं हाय म्हणतात तेबी."

हैदर बोळीत जाऊन उभा राहिला. यास्मीनची मान खाली होती. या दुकानावर ती भावाच्या घरात मान वर करून राहत होती, हे जहांआराला न सांगता माहीत होतं. तिनं कॉम्प्युटरचा माउस आपल्याकडं ओढला. तिला तो नीट धरता येत नव्हता, बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरला. शेवटी यास्मीननं तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून 'मान्य' दाबलं. लगेच मीरा आली आणि म्हणाली, "धन्यवाद! आमची सेवा आपल्याला कशी वाटली?"

दुकान चालू राहिलं. कोयऱ्या, मोर, जाळ्या विकल्या जात राहिल्या. टकटकटकटक टर्रर.

उत्तमरावांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा शैलजा पुन्हा आली. या वेळी तिनं पिशवीतून आधी एक ब्लाउजपीस काढलं. पुण्याहून निवेदितानं धाकट्या बहिणीसाठी पाठवलेलं. त्यावर ती फांदी होती. जहांआरानं कळीवरून बोट फिरवलं.

"उमलवली याहीनं," ती म्हणाली.

"धाकटी म्हणते, मले ही नको, ताईसारखी पाहिजे. मिटलेलीच. तिच्या ताईची ती जी..." शैलजा थांबली. "बनवता येईल का, भाभी?"

"नाही जी. मी लिहून देल्लं."

शैलजानं मान हलवली. ती हे ऐकायची तयारी करूनच आली असावी, कारण पिशवीत खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली तुरीची फांदी होती. फुलं पिवळी, शेंगा कोवळ्या. "मंग हे काढा. यंदा आम्ही तूरच लावली."

जहांआरानं फांदी तांब्यात ठेवली. काढायला बसण्याआधी तिनं ती उजेडात धरून सगळ्या बाजूंनी फिरवली. "वहिनी, हिले काही रोग तं नाही ना?"

"रोग असला तं असू द्या ना."

"नाही, नाही," जहांआरा घाईनं म्हणाली. "सांगून ठेवा."

एका शेंगेला बारीक भोक होतं. तिनं ते काढलं नाही. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं समोर असलेलं सोडून दिलं.

साडी तयार झाली तेव्हा शैलजा न्यायला आली. साडी बघून चांगली म्हणाली, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. मग नेहमीप्रमाणं उठली, खिडकीपाशी आली आणि तिनं पदर पसरला.

कॉम्प्युटरपुढून यास्मीन फक्त एवढंच म्हणाली, "भाभी." त्या एका शब्दात सगळं होतं. वकील होता, साईट होती, काचेतला खाका होता.

जहांआरानं डब्यातून साखर घेतली आणि पदरात घातली. खाका तिच्या मांडीवर घडी करून तयार होता. तिचा हात त्याच्यावर गेला आणि तिथंच राहिला.

शैलजा थांबली. पदराच्या झोळीत नुसती साखर होती. मग तिला कळलं. तिनं पदराची टोकं सावकाश जवळ घेतली, साखर सांडू नये म्हणून मूठ वळली, आणि पायांत चपला सरकवताना म्हणाली, "बरं, भाभी. येते मंग."

तिनं पुन्हा कधी येईन ते सांगितलं नाही, आणि जहांआरानंही विचारलं नाही.

संध्याकाळी यास्मीननं खाक्याचा फोटो काढला, वर तारीख घातली, कोपऱ्यात नाव लिहायला लावलं. जहांआरानं नाव लिहिलं. मग खाका ठेवायला जागा शोधू लागली. पेटीत कपडे होते, फळीवर दोऱ्यांची रिळं, कपाटात यास्मीनची पुस्तकं. एवढ्या वर्षांत या घरात खाका ठेवायची जागाच कधी केली नव्हती. ती खाका हातात घेऊन खोलीभर फिरत राहिली, आणि मशीनपाशी हैदर ओरडला, "तुटला बे! पुन्हा तुटला!"